बापूचा डावा हात

१ ऑगस्ट, शुक्र.
संस्थेत इंटरनेटची नवी लाइन येणार. एक सप्टेंबरपासून सगळ्या यंत्रांचे नेटवर्कचे पत्ते बदलणार. साहेबांनी कागद दिला, एकतीसच्या आत उरका म्हणाले. तुळजापूरचं दुपारपर्यंत झालं. माकणीच्या कॉलेजचं अडलं. तिथले चार सर्व्हर मी इथं बसून ज्या पेटीतून बघतो, त्या कन्सोल स्विचचा पत्ता बदलायला मुख्य पासवर्ड लागतो. माझ्या नावानं नुसतं बघता येतं. मुख्य पासवर्ड माझ्याआधीपासून इथं काम करणाऱ्या बापूकडं, म्हणजे बापूच्या डोक्यात.
बापूला मे महिन्यात अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सोलापूरच्या दवाखान्यात एकदा बघून आलो. घरी आणल्यापासून एकदाही नाही. तामलवाडी इथून अर्धा तास. लाज वाटायला हवी होती, ती आज गरज पडल्यावर वाटली.

३ ऑगस्ट, रवि.
गेलो. सगुणावहिनी दारातच. "या भावजी. हाफिसातलं कुणीतरी येईल म्हणून रोज दाराकडं बघत्यात. तुमी तरी आलाव."
बापू खाटेवर. मला बघून डाव्या हातानं सलाम केला, मग रडला. मीही. पासवर्ड विचारायला गेलो होतो, चहा पिऊन परत आलो. निर्लज्जपणासुद्धा मला धड जमत नाही.

५ ऑगस्ट, मंगळ.
मंगळवार, गावात भाविकांची गर्दी, गाडी लावायला जागा नाही. उशिरा पोचलो तर साहेब वाटच बघत होते.
"विचारलं का त्यांना?"
"बोलता येत नाही साहेब."
"लिहून घ्या."
पाटी दिली तर नुसत्या रेघा ओढतो, असं वहिनी सांगत होत्या. तेच सांगितलं. "मग एकतीसला माकणीला जा, मागच्या भोकात पिन खुपसा, पेटी कोरी करा." कोरी करायची म्हणजे बापूनं आठ वर्षांत लावलेलं सगळं पुसायचं. वर अगदी सहज म्हणाले, "तसंही त्या पासवर्डपायीच हजेरीपटावर नाव ठेवलंय त्यांचं. काम झालं की कमी करू."
दिवसभर कशात लक्ष नाही. हे कुणाला सांगायचं? बापूला? वहिनींना?

१० ऑगस्ट, रवि.
बापू न बघता टाइप करायचा, दहाही बोटांनी. मला त्यानंच शिकवलं, तरी मी दोन बोटांचाच राहिलो. तोंडात नसेल, पण बोटांत असेल, असं आलं डोक्यात. लॅपटॉप मांडीवर ठेवला. म्हणालो, माकणीची पेटी उघड.
डोळे मिटले. डावा हात चालला. एस. ए. जी. मग थांबला, डोळे उघडले. उजवा हात गोधडीवर पालथा पडलेला, त्याच्याकडं बघून दोनदा मान हलवली, जणू त्याची पाळी आहे. मग ए. मग दोनचा आकडा. परत थांबला, तीनदा मान हलवली. संपलं.
डाव्या हाताची अक्षरं आली. उजव्याची त्या हाताबरोबरच गेली. वहिनी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

११ ऑगस्ट, सोम.
दात घासताना कोडं सुटलं. मधली दोन अक्षरं भरली की सगुणा. पुढं साल असणार. वहिनींना फोन केला, तुमचं लग्न कोणत्या साली?
"आत्ता गं बाई, आज कशापायी? दोन हजार नऊ. मांडवात लाइट गेली तर नवरदेव सोताच उठला फ्यूज बांधाया. लोक लई हसले." त्याही हसल्या. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच हसल्या असतील.

१२ ऑगस्ट, मंगळ.
उघडली!
मला आजवर एक, दोन, तीन, चार एवढंच दिसायचं. आत बापूनं सर्व्हरना नावं दिलेली. ढवळी, कपिली, चांदी, मोरी. त्याच्या घरच्या गाई. कागदावरचा नवा पत्ता टाकला, मास्क, गेटवे, सगळं तपासलं. सेव्ह करायचं तेवढं राहिलं होतं. 'काम झालं की कमी करू' आठवलं. बंद करून टाकली.
साहेब: "मिळाला का?"
"नाही."
खोटं बोललो, आणि आवाज जराही कापला नाही.

१७ ऑगस्ट, रवि.
संस्थेच्या विम्याच्या कार्डावर व्यायामाचा डॉक्टर आठवड्यातून तीनदा घरी येतो. वहिनी म्हणाल्या, "नाव हाय तवर कार्ड हाय. डाक्टर म्हंतो, वर्सभर केलं तर चालतील." एक वर्ष. माझ्या हातात चौदा दिवस.
बापूनं हवेत किल्ली फिरवल्यासारखा हात केला. उघडली का?
नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्याला खरं सांगितलं तर हजेरीपटाचंही सांगावं लागेल. त्याचा चेहरा पडला. ज्यानं मला हे काम शिकवलं, त्यालाच मी सांगितलं की तुझं चुकलंय. त्यानं लॅपटॉप स्वतःकडं ओढला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. एस. ए. जी. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

२० ऑगस्ट, बुध.
साहेबांना म्हणालो, बरा होतोय, नाव राहू द्या वर्षभर.
"माझ्या हातात काय आहे?" त्यांच्याही हातात नाही. मग आहे कुणाच्या?

२४ ऑगस्ट, रवि.
पोळ्याच्या पुरणपोळ्या राखून ठेवलेल्या, आग्रहानं वाढल्या. वहिनी म्हणाल्या, लेकीचा जुना कीबोर्ड मागून घेतलाय, दिवसभर तेच चाललेलं असतं. "जेवायचं भान न्हाय. म्हंत्यात कसं, भावजीचं काम अडलंय." बोलता येत नाही, तरी वहिनींना सगळं कळतं.
माझं काम! अरे बापू.

३१ ऑगस्ट, रवि.
उद्या पहाटे नवी लाइन. साहेबांना नाही म्हणालोय, म्हणून पिन खिशात. माकणीची गाडी धरण्याआधी तामलवाडीला उतरलो.
बापू उठून बसलेला, दाढी केलेली. मी लॅपटॉपवर कोरं पान उघडून पुढं ठेवलं. एस, ए, जी. मग डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरून उचलला, कीबोर्डवर आणला, त्याचं मेलेलं बोट एका अक्षरावर टेकवून दाबलं. यू. घाम फुटला होता. परत उचलला. एन. मग ए. दोन. मग परत तो हात, तीनदा.
वहिनींना इंग्रजीत तेवढी एक सही येते. पडद्याकडं वाकून बघितलं. "आवं, हे तर माजंच नाव की!" आणि मटकन खाली बसल्या.
आता नाही कुठल्या तोंडानं म्हणू? म्हणालो, हेच आहे बापू. उघडली.
त्याचं हसणं अर्ध्याच तोंडाचं, पण असं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. माझ्या खिशातल्या मोबाइलकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडं. वहिनींनी डोळे पुसून सांगितलं, "सायबाला फोन लावा म्हंत्यात. म्हणावं, बापूला समदं येतंय, आता कामावर घ्या."
दोघं माझ्याकडं बघत होते. लावला. रिंग वाजत राहिली, उचलला नाही. देवीची कृपा म्हणून फोन खिशात टाकला.
हे तामलवाडीच्या थांब्यावर लिहितोय. माकणीच्या दोन गाड्या सोडल्या. वहिनी निघताना म्हणाल्या, सायेब काय म्हणाले ते लगेच कळवा.
साहेबांचा फोन येतोय.