सोल्वेगचं वेगवान काडतूस

३ जून, मंगळवार

मंजूर झालं! सोल्वेगचं काडतूस कंपनीत मंजूर झालं!

कोंबड्यांना दाणे टाकत होते तेव्हाच फोन आला. भांडं तिथेच राहिलं आणि कोंबड्यांनी सण साजरा केला. पोरगी हसत होती की रडत होती कळेना. बहुतेक दोन्ही. किती वर्षं त्या आयडाहोच्या काडतुसांच्या कारखान्यात तिने या एवढ्याशा वस्तूपायी घालवली! बोटाच्या दोन पेरांएवढं काडतूस. बंदुकीच्या घोड्याचा ठोका त्याच्या काठावर बसला की पेटतं, आपल्या नेहमीच्या छोट्या पॉइंट टू-टू काडतुसासारखंच. पण गोळीचा वेग अडीचपट!

दुपारी मुद्दाम गावात गेले. हार्लनच्या दुकानात काही घ्यायचं नव्हतं, म्हणून खिळे घेतले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं – माझ्या मुलीने केलंय. हार्लन काय गप्प बसतोय! म्हणतो, "व्हर्ना, जन्मभर तू आमच्या कानीकपाळी ओरडलीस – वेगाच्या मागे लागू नका, वारा वाचून नेम धरा. आणि पोरीने काय केलं? वारा वाचायचं कामच ठेवलं नाही!"

सगळे हसले. मीही हसले.

घरी येताना गाडीत मात्र हसू ओसरलं. कारण तो खरंच बोलला. कोणाला हवंय हे?

५ जून

अभिमानाने ऊर भरून आलाय, आणि पटत तर काडीचंही नाही. दोन्ही एकाच छातीत कसं मावतं? मावतं खरं.

१४ जून, शनिवार

सोल्वेग आली. मागच्या सीटवर नवी रायफल, डिकीत काडतुसांचे खोके. वाळलीय. नीट जेवत नसणार. लेफ्सा, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, लाटल्या, लोणी-साखर लावून पुढे ठेवल्या, तेव्हा कुठे तोंडावर रंग आला.

मग हळूच विषय काढला. ऑगस्टमधल्या जत्रेत कंपनी हे काडतूस पहिल्यांदा लोकांपुढे आणणार आहे. आमच्याच नेमबाजी क्लबच्या मैदानावर! आणि कंपनीची इच्छा आहे की मी चार शब्द बोलावेत. चारदा राज्याची नेमबाजी स्पर्धा जिंकलेली व्हर्ना स्टोके म्हातारपणी बापाची बंदूक खुंटीला टांगते आणि नवी उचलते – असं काहीतरी.

"टांगते असं कोण म्हणालं?" मी विचारलं.

"आई, एकदा मारून तर बघ."

"मारीन की. पटलं तर बोलेन. नाही पटलं तर तेही बोलेन."

"तीच तर भीती आहे मला," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. पण ती पूर्ण नाही हसली.

नंतर भांडी घासताना वाद झालाच. मी म्हटलं, दर दोन वर्षांनी कोणीतरी नवं काडतूस काढतं, आधीच्याहून वेगवान. त्यासाठी नवी बंदूक, नवी दुर्बीण. मग ते काडतूस दुकानातून नाहीसं होतं आणि माणूस लोखंडाची काठी घेऊन बसतो. गरज लोकांची की तुमची? तिने ताट जरा जोरातच ठेवलं. "तू आजोबांच्या वेळची दुर्बीण तरी वापरतेस का गं? बदललीस ना? तेव्हा गरज कोणाची होती?"

मी कढई घासायला घेतली. उत्तर उद्या देईन.

१५ जून

वा! काय दिवस होता!

जुन्या खडीच्या खाणीत निशाणाच्या लोखंडी पाट्या लावल्या. ती तिची नवी घेऊन, मी बाबांची. माझी गोळी आवाजापेक्षा सावकाश जाते, म्हणून तिला कडाका नाही. टक् म्हणते आणि निघते, मग वेळाने पाटी टण् करते. मध्ये कॉफीचा घोट घ्यावा. तिची सुटते तोवर पाटी वाजलेली असते!

जवळच्या पाट्यांवर दोघी सारख्याच. दूरच्या पाटीवर ती सरळ मध्ये नेम धरायची आणि लागायची. मी गवत बघायची, धुळीची रेघ बघायची, एक हात वर आणि दीड हात डावीकडे धरायची – आणि लागायची! शेवटच्या पाटीवर वाऱ्याने दिशा बदलली, ती चुकली, मी नाही चुकले. तिने बंदूक बाजूला ठेवून मला कडकडून मिठी मारली. हरल्यावर अशी मिठी मारणारी पोरगी कोणाची? माझी.

संध्याकाळी कुंपणाजवळ रानससा दिसला. म्हटलं, तूच मार, तुझ्या गोळीने. मारला. पण वेगाने गोळी आतच फुटली; रस्सा करायला हाती काय आलं? दोन कान आणि पश्चात्ताप! शेवटी बटाट्याचं सूप करून जेवलो. "हे भाषणात सांगू नकोस," म्हणाली. मी म्हटलं, हेच आधी सांगणार.

२० जून, शुक्रवार

आजचं लिहवत नाहीये. तरी लिहिते.

शेजारच्या ऑर्व्हिल डालच्या लसूणघासाच्या शेतात जमिनीत बिळं करणाऱ्या खारींनी उच्छाद मांडलाय. शेत पोखरून चाळण केलंय. गेल्या महिन्यात त्याच्या घोडीचा पाय बिळात अडकून मोडला, तिला गोळी घालावी लागली. तेव्हापासून तो हसत नाही. सकाळी फोन आला, "व्हर्ना, येतेस का गं? माझा नेम आता राहिला नाही." म्हणून गेले. बाबांची बंदूक घेऊन, अर्थातच.

मी पोत्यावर आडवी झाले. ऑर्व्हिल शेजारी. सोल्वेग आमच्यासाठी कॉफी आणायला गाडी घेऊन गेली होती. ती बांधावरून वळसा घालून आली आणि दूर कोपऱ्यात थांबली, माझ्या नेमाच्या रेषेपासून चांगलीच बाजूला. मी पाहिलं होतं. मागे मातीचा उतार होता, तोही पाहिला होता. जे जे क्लबात मुलांना शिकवते ते ते सगळं पाहिलं होतं.

चाप ओढला. खार पडली. आणि मागोमाग तो आवाज. सुंईंईं – मधमाशी कानाजवळून जावी तसा. मग काच फुटल्याचा आवाज.

मातीत दगड होता. गवताखाली, न दिसणारा. माझी गोळी खारीतून गेली, दगडावर आपटली, उसळली आणि वळली. सोल्वेग दार उघडून उतरत होती. गाडीचा आरसा तिच्या कोपरापाशी फुटला. कोपरापाशी.

मी धावले. या गुडघ्यांनी धावले! ती उभी होती, बाहीवर काचा. "काही नाही झालं, आई. आई, बघ, काही नाही." ती मला धरून होती. मी तिला धरायला हवं होतं.

ऑर्व्हिल धापा टाकत आला. आरशाकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. "तुझी ती नवी गोळी असती तर दगडावरच भुगा झाला असता ना गं पोरी?"

सोल्वेग शांतपणे म्हणाली, "ऑर्व्हिल काका, आत्ता नको."

आयुष्यात याहून चांगली संधी तिला मिळाली नसती. माझी जिरवायची, तिचं काडतूस सिद्ध करायची. आणि ती म्हणाली, आत्ता नको.

२१ जून

बंदुकीला हात लावला नाही.

२३ जून, सोमवार

आज लावला. खाणीत गेलो, दोघी. दगड मांडले, भोवती प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या, आम्ही मातीच्या बांधाआड. आधी बाबांची. मग तिची.

माझ्या गोळ्यांनी फळ्यांना भोकं पाडली. सगळ्यांनी नाही, पण पुरेशांनी. तिच्या गोळ्या दगडावर धूळ होऊन गेल्या. फळीवर नुसते ओरखडे.

फळ्यांतल्या भोकांवरून बोट फिरवलं. एवढी वर्षं मी विचारत होते, वेग कशाला हवा. ते शेत, तो दगड, ती कोपऱ्यातली गाडी – यासाठी हवा. मान्य. मोठ्याने म्हटलं, "मान्य." सोल्वेग म्हणाली, "पुन्हा म्हण." म्हटलं, माज नको करू.

मग मी विचारलं, "पण हा गुण वेगाचा की फुटण्याचा?"

"वेगामुळेच फुटते ना. सावकाश जाऊन फुटणाऱ्या गोळ्याही मिळतात, पण लांबवर कुठेही जातात. नेम म्हणून नाही."

"मग त्यांना नेम कोणी शिकवायचा?"

तिने माझ्या खोक्यातलं एक काडतूस खिशात टाकलं. रात्री जेवताना ते ताटाशेजारी ठेवलं होतं. काटा ताटात फिरवत होती.

२ ऑगस्ट, शनिवार

जत्रेचा दिवस. मैदान भरलं होतं. कंपनीच्या विक्री विभागाचे लँडन साहेब आले होते, कडक इस्त्रीची टोपी! (टोपीला इस्त्री कोण करतं?) हातात एक छापील वाक्य दिलं. "मी, व्हर्ना स्टोके, आता मागे वळून बघणार नाही." म्हणाले, "एवढंच वाचा मॅडम. लोक वेग विकत घेतात, बाकी काही नाही."

मी त्या कागदाची घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि माझं बोलले. ससा रश्श्यासाठी हवा असेल तर हे घेऊ नका, कानच उरतील. पाट्यांवर वारा वाचायला शिकायचं असेल तर हे घेऊ नका, काही शिकणार नाही. पण तुमचं शेत दगडाळ असेल, आजूबाजूला घरं, गुरं, माणसं असतील – तर घ्या. आणि मग आरशाची गोष्ट सांगितली. सगळी. गोळी कोणी मारली तेही.

पुढच्या रांगेतल्या आयांनी पोरांना जवळ ओढलं.

मग हार्लनने हात वर केला. मला नाही, सोल्वेगला विचारलं. "पोरी, खरं सांग. मला याची गरज आहे का?"

लँडन साहेब पुढे सरसावले, पण सोल्वेगने माइक आधी धरला.

"नाही, हार्लन काका. तुम्हाला नाही. इथल्या बहुतेकांना नाही. आई म्हणते तेवढ्याच लोकांना आहे."

 मग ऑर्व्हिलने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. साहेबांची टोपी तशीच कडक होती, खालचा चेहरा मात्र चुरगळला होता. ऑर्व्हिलने तिथेच रायफलची मागणी नोंदवली. कित्येक महिन्यांनी हसला तो.

चार वेळा राज्य जिंकलं, चारदा पेपरात फोटो आला. आज हात वर करून ओरडावंसं वाटलं, तसं तेव्हा एकदाही वाटलं नव्हतं.

१० ऑगस्ट

सोल्वेगचा फोन नाही. कामात असेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

फोन आला! जुन्याच पॉइंट टू-टूच्या काडतुसात तिने फुटणारी गोळी बसवलीय, सावकाश जाणारी, आणि लांबवरही नेमावर लागते. कोणाच्याही बंदुकीत चालेल. म्हणून काल तिने वरिष्ठांपुढे उभं राहून सांगितलं – माझं वेगवान काडतूस बंद करा, आता कोणालाच त्याची गरज नाही. स्वतःच्या हाताने! साहेब भडकलेत, नोकरीचं सोमवारी कळेल. "भीती वाटते का गं?" मी विचारलं. "खूप," म्हणाली.

गाडीत पेट्रोल भरून आणलंय. पहाटे निघते तिच्याकडे.