इंजिन आगाऊ होते, जावईबापू नव्हेत

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल ज्यांच्या हाती हा कागद पडेल त्यांची आधी माफी मागतो. पत्नी गेली तेव्हाच लिहायला हवे होते. मग म्हटले थोडे बरे वाटू दे, मग डोळ्याचे निघाले, आणि खरे सांगायचे तर मृत्युपत्र लिहिले की माणूस लवकर जातो असे कुठेतरी ऐकले होते. वकिलाचा कारकून म्हणाला, "काका, न लिहिणारेही जातातच." म्हणून बसलो.

मी, खाली सही करणारा, वयाने सत्तरी ओलांडलेला, धंद्याने बोटीत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांचा मिस्त्री, शिक्षण सहावीपर्यंत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे ठिकाणावर नाहीत, पण डोळ्यांची अट कायद्यात नाही, हे विचारून घेतले आहे. मला कोणी दम दिलेला नाही, भुलवलेले नाही, काही पाजलेले नाही. भुलवायला येणार तरी कोण? सकाळपासून दारात मांजरसुद्धा फिरकलेले नाही. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तिथे अर्थ धरावा, चूक धरू नये.

कलम पहिले, घर. धक्क्यामागच्या माझ्या दोन खोल्या आणि पुढचे कामाचे शेड माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसत नाही, दार उचलून लोटावे लागते. मी गेल्यावर कोणी ते तासून टाकू नये. ते दार पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आपोआप सरळ होते. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. त्यावरून कोणी भांडणार नाही, भांडण्याजोगे ते नाही.

कलम दुसरे, शेजारीण. पलीकडच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाईंना स्वयंपाकघरातली भांडी, हाताची खुर्ची आणि भिंतीवरचे घड्याळ द्यावे. घड्याळ पुढे जाते, त्यांना माहीत आहे. माझा फोन बिघडल्यापासून माझे निरोप त्याच घेतात आणि कधी तोंड वाकडे करत नाहीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. त्या म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही हो." मी म्हणालो, "मलाही नाही. तुम्ही निदान सरळ कापता."

कलम तिसरे, हत्यारे. पाने, पकडी, फीलर गेज, शेगडी, व्हाइस, सगळे माझ्या धाकट्या भावाला द्यावे. त्याचे मोटारींचे गॅरेज आहे, त्याच्या कामी येतील. मात्र टायमिंग लावायचा दिवा त्याला देऊ नये. हा दिवा पहिल्या प्लगच्या वायरीला चिमट्याने जोडतात. प्लगमध्ये ठिणगी पडली की दिवा चमकतो, आणि फिरत्या चाकावरची पांढरी खूण जागच्या जागी उभी दिसते. खूण काट्यासमोर आली तर ठिणगी वेळेवर आहे. यात वाद घालायला जागा नाही. पण भावाने आयुष्यभर वाद घातला.

"दादा, दिवा कशाला? कानाला कळतं."

"मग देवाने डोळे कशाला दिलेत?"

"तुला चष्मा लावता यावा म्हणून."

माझी बोट उसनी नेली की दर वेळी तो टायमिंग हलवून आणायचा. म्हणायचा, आता कसं चपळ झालं. मोटार उतारावर दम घेते, बोटीला पाण्यात उतार नसतो. तिचे इंजिन सारखे ओझ्याखाली असते. ठिणगी वेळेआधी पडू लागली की ते आतून ठोके खाते आणि पिस्टन जातो. हे त्याला शंभरदा सांगितले. तेव्हा त्याला दिवा देऊ नये. त्याला कान आहेत, त्यावर भागवावे. बाकी त्याच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

कलम चौथे, बोट. बाकीचे सगळे इकडचे तिकडे झाले तरी चालेल, हे कलम नीट वाचावे.

माझी लाकडी बोट, तिच्या पोटातल्या चार सिलिंडरच्या इंजिनासह आणि वरील दिव्यासह, माझ्या मुलीला द्यावी. धक्क्याच्या कचेरीने सांगितले आहे की ज्या बोटींना पुढचा मालक नाही त्या हंगाम संपताच ओढून काढून फोडणार. नाव लिहून द्या म्हणाले, आणि त्या माणसाचा होकारही. मी नाव लिहिले. होकाराची जागा कोरी आहे. मुलीने नाही म्हटले तर भाऊ इंजिन काढून पाण्याच्या पंपाला जोडणार, तसे तो बोललाही आहे.

मुलगी हो का म्हणत नाही, हे वाचणाऱ्याला कळायला हवे, म्हणून लिहितो. यात माझी चूक नाही हेही लिहितो.

आमच्या धंद्यात ठिणगी वेळेआधी पडली तर लोक ॲडव्हान्स म्हणतात. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री आगाऊ म्हणायचे, जशी आगाऊ रक्कम. नंतर पडली तर उशीर. माझ्या तोंडी तेच बसले. आमच्या घरात तर सगळ्यांच्याच. पत्नीला इंजिनातले काही कळत नव्हते, पण ती दिवा धरून खूण बघायची आणि "आगाऊ, आगाऊ, बस" म्हणायची, तशी नंतर मुलगीही म्हणू लागली. कारण हे काम एकट्याचे नाही. माझ्या बोटीत चाक एका टोकाला, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डबा, दुसऱ्या टोकाला; तो फिरवला की ठिणगीची वेळ बदलते. एकाने खूण बघायची, दुसऱ्याने डिस्ट्रिब्युटर फिरवायचा.

मुलीने स्वतः पसंत केलेला मुलगा आपल्या वडिलांना घेऊन आम्हाला भेटायला आला, तो दिवस. ते सांगितल्यापेक्षा लवकर आले. पत्नी म्हणाली, बोटीवर आहेत, जा तिकडेच. मी इंजिनाच्या खड्ड्यात डोके खाली, पाय वर, हातात दिवा. मुलगी पलीकडे डिस्ट्रिब्युटरपाशी. इंजिन चालू, म्हणजे बोलायचे ते ओरडूनच. मला काय माहीत फळीवर कोण उभे आहे?

मी ओरडलो, "आगाऊ आहे! फार आगाऊ आहे! मागे घे त्याला!"

जावईबापू फळीवर चढत होते, ते एक पाऊल मागे सरले.

"अजून मागे! अजून! हां, आता कसा जागेवर आला! धर मान आणि आवळ!"

डिस्ट्रिब्युटर ज्या पट्टीने आवळतात तिला आम्ही मान म्हणतो. मी वर आलो तोवर जावईबापू धक्क्यावर परत पोहोचलेले, आणि त्यांच्या वडिलांचा चेहरा तापलेल्या सायलेन्सरसारखा. मुलगी खदाखदा हसत होती. ते आणखी वाईट झाले.

मी सांगितले, अहो, इंजिन आगाऊ होते. व्याही कापडाचे दुकानदार, शब्द मोजून फाडणारे. म्हणाले, "आगाऊ माणूस असतो, नाहीतर रक्कम असते. इंजिन कसं आगाऊ असेल हो? आणि रक्कम तर आम्ही मागितलेली नव्हती."

संध्याकाळी पत्नी म्हणाली, "तुम्हाला दुसरा शब्द नव्हता का?"

"धंद्यातला शब्द आहे तो."

"मग धंद्यातच लग्न लावायचं होतं पोरीचं."

लग्न झाले. सुखाचे झाले, हे कबूल. पण व्याही गेले ते हा शब्द मनात धरूनच. जावईबापूंनी कधी एक अक्षर काढले नाही, तेच मला खुपते. भांडले असते तर मिटले असते. ते माझ्यासमोर बसताना अजून खुर्ची मागे ओढून घेतात. माझा फोन चालू होता तेव्हा "प्रकृती बरी ना?" विचारायचे आणि उत्तर संपायच्या आत फोन मुलीकडे द्यायचे. मुलगी म्हणते, "बाबा, विसरा आता, ते विसरलेत." विसरलेला माणूस बोटीवर पाय ठेवतो. ते कधी ठेवत नाहीत. मग मुलगीही ठेवत नाही. आईच्या वेळी दोघे आली, पण धक्क्याकडे वळली नाहीत.

पत्नी गेल्यावर मी एकट्याने टायमिंग लावून पाहिले. दिवा सुतळीने खांबाला बांधला, इंजिन चालू होताच तो झोके घेऊ लागला. मग दाढीचा आरसा खुणेसमोर टेकवला आणि पलीकडून बघत राहिलो. आरशात उलटे दिसते हे ध्यानात आले नाही. उशीर दिसला म्हणून मी पुढे पुढे घेत गेलो, आणि इंजिनाने असा उलटा झटका दिला की आरसा फुटला आणि मी बसलो. शेजारणीला विचारले. त्या म्हणाल्या, "पेट्रोलचा वास आला की मला घेरी येते." त्यांचाही इलाज नाही. तेव्हापासून इंजिन चालू केलेले नाही. रोज जाऊन झाकण उघडतो, पुसतो, परत लावतो.

म्हणून या कलमाला अट घालतो. बोट मुलीने घ्यावी, पण घेताना तिने आणि जावईबापूंनी मिळून टायमिंग लावावे. आधी झाकण उघडून खालची कोंडलेली हवा पंख्याने काढावी, पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय किल्ली फिरवू नये. मग इंजिन गरम होऊ द्यावे. जावईबापूंनी दिवा धरून खूण बघावी, मुलीने मानेचा बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवावा. खूण काट्याच्या पुढे असेल तर जावईबापूंनी जे दिसेल ते मोठ्याने ओरडावे. त्यांना दुसरा शब्द सापडला तर तोही चालेल. बोल्ट आवळल्यावर परत एकदा बघावे, आवळताना ते हमखास हलते.

कारकून म्हणाला, "काका, असली अट कोर्टात टिकत नाही." न टिको. अट म्हणून टिकत नसेल तर विनंती समजावी. विनंतीला कोर्ट लागत नाही.

कलम पाचवे, साक्षीदार. ज्याला काही दिले त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम निघाला. मग माझी माणसे संपलीच. एक मुलगी, एक भाऊ, एक शेजारीण. तेव्हा आज पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनला बसवून घेतले, आणि विजेचे मीटर बघायला आलेल्या माणसालाही. मीटरवाला म्हणाला, "आजोबा, यात मला काही मिळणार का?"

"काही नाही."

"मग करतो सही. मिळणार असतं तर घाबरलो असतो."

दोघांना चहा दिला. बऱ्याच दिवसांनी तीन कप विसळले.

वरील सर्व मी माझ्या हाताने, राजीखुषीने लिहिले, दोघांना वाचून दाखवले, आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

सही: बोटींचा मिस्त्री (पूर्ण सही बाजूला केली आहे)

साक्षीदार पहिला: आमच्या भागाचा पोस्टमन
साक्षीदार दुसरा: विजेचे मीटर वाचणारा

स्थळ: धक्क्यामागचे माझे घर, पुढची खोली
तारीख: अकरा मार्च

सहीच्या खाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत असे कळले. बरेच झाले. हे कायद्यासाठी नाही.

बाळ, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. म्हणजे तू हो म्हणशील तेव्हा ऐकायला मी नसेन, आणि नाही म्हणशील तेव्हा बोट आधीच फोडलेली असेल. म्हणून याची नक्कल आजच तुला पाठवतो. पोस्टमन थांबला आहे, पाकीट चिकटवा म्हणतो. चौथे कलम जावईबापूंना मोठ्याने वाचून दाखव. ते हसले तर मला सांग. नाही हसले तरी सांग.

डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, दुसराही डोळा आता करावा लागेल, पण पुढचे काही नक्की सांगत नाहीत. मला अजून माणसांचे चेहरे दिसतात, तेवढ्यात यायचे असेल तर या. तुम्ही दोघे टायमिंग लावा, मी धक्क्यावर खुर्ची टाकून बसतो, मध्ये बोलणार नाही. यायचे नसेल तर तसे कळव. मी बोट भावाच्या नावावर करीन. रागावेन, पण तुझ्यावर नाही.

शेजारणीच्या फोनवर निरोप ठेव. त्या शिवत असल्या की त्यांना ऐकू यायला वेळ लागतो, तेव्हा फोन जरा वाजू दे, लगेच ठेवू नकोस. आणि लवकर कर.