अभ्रकामागची बाई

८ ऑक्टोबर १९७४

मिळालं! डबीतलं तिकीट! महाल भागातल्या भंगारवाल्याकडे, गंजलेल्या कुलपांखाली पडलं होतं. नाण्याएवढी अॅल्युमिनियमची चपटी डबी, समोर अभ्रक, आत फ्रान्सचं पोस्टाचं तिकीट. पहिल्या महायुद्धापायी तिकडची चिल्लर गायब झाली, तेव्हा तिकिटंच अशी डबीत घालून नाण्यासारखी चालवली. चित्रात पेरणी करणारी बाई.

गिरिधरचा पत्ता कट! आमच्या तिकीट मंडळाच्या प्रदर्शनात दरवर्षी तो पहिला येतो आणि वर माझ्याच पाठीवर थाप मारतो. यंदा थाप मी मारणार.

१० ऑक्टोबर

मंडळाचे चिटणीस शरच्चंद्र यांच्याकडे नाव नोंदवून आलो. बायको, गोपिका, म्हणते, एवढं कौतुक आपल्या लग्नात नव्हतं. खरं आहे — पण कबूल कोण करतो!

११ ऑक्टोबर

सासूबाई उमरेडहून आल्या. रुखमाबाई म्हणजे चार घरं पलीकडे ऐकू जाणारा आवाज. सासरे गेल्यावरचा हा पहिलाच हंगाम. त्यांचे दीर म्हणतात शेत मक्त्यानं देऊन टाका. या म्हणतात, हरभरा मीच पेरीन. गर्जना मोठी, पण ताटातली भाकर तशीच राहिली.

१२ ऑक्टोबर

सकाळी पाहतो तर माझी डबी देव्हाऱ्यात! कुंकू लावलेलं! वर झेंडू!

'बाईमाणूस पेरून राहिली, जावईबापू. देवीच होय.'

मी फ्रान्स, युद्ध, चिल्लर सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आरती सुरू केली. अभ्रकावरचं कुंकू पुसताना माझा जीव अर्धा झाला.

१४ ऑक्टोबर

सासूबाई गेल्या. डबीही गेली!! गोपिकेनंच दिली. म्हणे, पेरणीपुरती नेली, काय बिघडते?

काय बिघडते!

१९ ऑक्टोबर

सत्यानाश. उमरेडहून निरोप — देवी पेरल्या गेली. सासूबाईंनी ती ओटीतल्या हरभऱ्यात ठेवली होती. तिफणीमागं चालत मूठ मूठ दाणे नळीत सोडता सोडता तीही सुटली. कोणत्या तासात, कोणत्या ओळीत, देव जाणे. म्हणजे देवीच जाणे! गोपिकेला म्हटलं, खतपाणी घाला म्हणावं, डब्यांचं झाड येईल. ती हसली.

२७ ऑक्टोबर

एस.टी.त कंडक्टर 'तिकीट, तिकीट' करत आला. म्हटलं, तेच शोधायला चाललो बाबा. त्याला काही कळलं नाही.

शेतात हरभरा बोटभर वर आलेला. हिरव्या ओळी, जरा वाकड्या. बाईची पेरणी उगवते का पाहू, असं दीर गावभर सांगत फिरले होते म्हणे. मी कुदळ मागितली. सासूबाईंनी पदर खोचला, खाली बसल्या आणि स्वतःच रोपं उपटायला लागल्या.

'तुमची वस्तू होय, जावईबापू. मी विचारून न्यायले पाहिजे होती. उपटतो मी.'

आवाज इतका बारीक! हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. त्यांचा हात धरला आणि उपटलेली रोपं परत मातीत खोचत बसलो. आता ती जगत नाहीत, असं त्या म्हणाल्या. तरी खोचली.

३ नोव्हेंबर

शरच्चंद्रांना सांगून आलो, माझं नाव खोडा. काहून, म्हणाले.

म्हटलं, वस्तू सध्या चलनात आहे.