पाहुण्याला कुणी पाडत नाही

बिझर्त,
१४ सप्टेंबर

चि. नौफल यास जलीलामावशीचे अ. उ. आ.

मोबाइलवर तुझा चेहरा मध्येच गोठतो, तोंड उघडं राहतं, आणि मग दिवसभर तू मला तसाच दिसत राहतोस. शिवाय माझा उजवा कान आता नावापुरता उरला आहे. त्यापेक्षा पत्र बरं. नन्सच्या शाळेत आम्हां मुलींना आणखी काही आलं नसेल, पत्र लिहिता नक्की आलं.

दोहाचं घर कसं आहे? क्लबने दिलेला स्वयंपाकी केरळचा आहे म्हणालास. त्याच्या हातचं पोटभर जेवत जा. गुडघा काय म्हणतो? तुझ्या आईमागे तुला मी वाढवलं, त्यामुळे तिच्या वाटणीची काळजीही मलाच करावी लागते.

जुन्या बंदरावरच्या कॅफेत तुझा फोटो अजून भिंतीवर आहे, पण त्याच्याखाली बसणाऱ्यांची भाषा बदलली आहे. परवा मासे घेऊन येत होते, तर मुन्सिफ न्हावी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला की, नौफलने पाय भाड्याने दिले. फ्रान्सची मैदानं गाजवणारा आपल्या ट्युनिशियाचा पोरगा आता कतारच्या वाळवंटात शोभेला उभा राहणार. मी पिशवी खाली ठेवली आणि त्याला विचारलं की, मुन्सिफ, तुझे पाय कुणी फुकट तरी मागितले का रे? सगळे खो-खो हसले. तोही हसला. कानामागे खोवलेला त्याचा मोगऱ्याचा गुच्छ पडला, तो मीच उचलून दिला. घरी आल्यावर मात्र ते मासे मी रागारागाने साफ केले.

तू पैशासाठी गेलास हे मला ठाऊक आहे आणि त्यात मला लाज वाटत नाही. पण शुक्रवारचा सामना मी टीव्हीवर पाहिला. चेंडू पायाशी आला की तू दचकतोस. तू असा कधी नव्हतास. काय झालंय, ते खरं कळव. आमचे हे, तुझे हेदीकाका, म्हणतात की बाईमाणसाला फुटबॉलमधलं काय कळतं. त्यांच्या जेवणात आज मीठ कमी घातलं आहे.

माया आहे तशीच आहे, तुझ्याकडूनही कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
जलीलामावशी


दोहा,
२ ऑक्टोबर

ती. मावशीस नौफलचा सलाम, वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही, हे मी शाळेत असतानाच शिकलो होतो. तेव्हा खरंच सांगतो.

मला इथे कुणी हात लावत नाही. सरावात चेंडू घेऊन निघालो की समोरचा बाजूला होतो. एकजण तर छातीवर हात ठेवून वाट देतो, लग्नात नवरदेवाला देतात तशी! चुकीचा पास दिला तरी वाहवा. धावायला उशीर झाला तरी मानाने म्हणतात, कॅप्टन, तुम्ही दमला असाल, बसा. आणि कॉफी! इवलासा पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. नको असेल तर तो हलवून द्यायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी इतके पेले प्यायलो की रात्रभर छताकडे बघत पडलो.

पोरं सोन्यासारखी आहेत गं. बचावफळीतला मुबारक सकाळी कस्टमच्या कचेरीत काम करतो आणि संध्याकाळी खेळायला येतो. त्याचा खांदा लागला तर भिंत हलेल. पण माझ्याशी खेळताना तोच मुबारक मेणाचा होतो. मी पाहुणा ना! पाहुण्याला कुणी पाडत नाही. आणि सरावात कुणी पाडत नाही म्हणून सामन्यात परका खेळाडू अंगावर आला की मी दचकतो. तुला दिसलं ते हेच.

प्रशिक्षक मिलोराद सर्बियाचा, त्याला गोड बोलता येत नाही. त्याने सांगितलं की मी मंदावलो आहे. डिसेंबरच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पाय हलले नाहीत तर परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांच्या यादीतून माझं नाव जाणार. क्लबचे अध्यक्ष म्हणतात की काळजी कशाला, तुम्ही आमचे सदिच्छादूत व्हा, फोटो काढा, पगार तोच. हेदीकाकांना सांगितलंस तर ते नाचतील. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. मी पैशासाठी आलो, मावशी, पण खेळून घ्यायच्या पैशासाठी. मला शेवट खेळाडू म्हणून करायचा आहे. कसा करायचा, ते कळत नाही. रागावून पाहिलं, तर त्यांनी माझीच माफी मागितली!

काकांना सलाम. तुझी आठवण येते, हे लिहायला नको, पण लिहितो.
तुझा,
नौफल


बिझर्त,
१५ ऑक्टोबर

चि. नौफल यास अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हेदीकाका खरोखरच नाचले. म्हणाले की बसून पगार मिळतोय तर पोराने आता गुडघ्याला तेल लावावं आणि गप्प बसावं. मी त्यांना म्हटलं की तुम्ही बंदरातून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी डबा घेऊन धक्क्यावर कशाला जाऊन बसत होता?

आता ऐक. आमच्या शाळेत सिस्टर बेनेदिक्त बास्केटबॉल शिकवायच्या. घोट्यापर्यंतचा झगा, गळ्यात क्रूस, आणि तशाच त्या आमच्याबरोबर धावायच्या. घाम यायचा तेव्हा डोक्यावरचं कापड कपाळावर चिकटायचं आणि आम्ही खुदखुदायचो. एका वर्षी कुणा बड्या फ्रेंच अधिकाऱ्याची मुलगी वर्गात आली, आन्येस. तिच्या हातातून चेंडू घ्यायला कुणी धजेना. ती बास्केटखाली जाईपर्यंत आम्ही पुतळे. आम्हाला वाटायचं, खूश असेल. एकदा ती भिंतीशी उभी राहून हमसाहमशी रडली. सिस्टरनी आम्हाला एका शब्दाने रागावलं नाही. त्यांनी आन्येसला आम्हां सगळ्यांसाठी पाणी आणायला लावलं, आणि प्रत्येकीला स्वतःच्या हाताने पाजायला. आठवड्याभरात मी तिला असं ढकललं की तिचं ढोपर फुटलं. पुढे आम्ही जिवाच्या मैत्रिणी झालो.

तेव्हा तू त्यांचं खाणं थांबव आणि त्यांना खाऊ घाल. हॉटेलात नाही. तुझ्या घरी, तुझ्या हातचं. यजमानाला चार शब्द सुनावता येतात, पाहुण्याला नाही. माशाच्या रश्श्याबरोबरचा आपला रव्याचा कुसकुस कर. मनानी मासा मिळाला तर उत्तम, नाहीतर कुठलाही घट्ट मांसाचा मासा घे. डोकं टाकून देऊ नकोस, रस्सा त्यानेच होतो. कुसकुस दोनदा वाफव, मध्ये हाताने मोकळा कर. चटका बसेल, बसू दे. हरीसा, आपली मिरचीची चटणी, मी पाठवते आहे, जपून घाल. तिकडच्या लोकांना आपला तिखटपणा ठाऊक नाही. आणि जेवण झाल्यावर सगळ्यांच्या हातांवर पाणी तू घाल. ते ओढाओढ करतील. झारी सोडायची नाही.

सदिच्छादूत म्हणे! त्यासाठी तुला मी उन्हात शिदोरी घेऊन सामन्यांना नेत नव्हते.

उत्तराची वाट बघते, तेवढीच माझ्यावर कृपा ठेव.
तुझी,
मावशी


दोहा,
८ नोव्हेंबर

ती. मावशीस सविनय सलाम, वि. वि.

अखेर जेवण झालं. स्वयंपाकी युसुफ दिवसभर दाराशी रुसून उभा होता. दुपारी माझा पहिला कुसकुस गोळा झाला, तेव्हा आत येऊन एवढंच म्हणाला की साहेब, मी काही बघितलं नाही. दुसरा जमला.

सगळा संघ आला, उदबत्त्या आणि मिठाया घेऊन. तुझी हरीसा मी जपून घातली, तरी गोलरक्षक ढसाढसा रडला आणि रडत रडतच आणखी मागत होता. हातांवर पाणी घालायला लागलो तेव्हा सगळे उठून उभे राहिले. अध्यक्षांचा भाचा संघात आहे, त्याने झारी धरली, मी सोडली नाही. माझ्या बुटांत पाणी गेलं. शेवटी मुबारक खाली बसला, हात पुढे केले आणि म्हणाला की कॅप्टन, तुझ्या घरचं खाल्लं. आता तुला शिव्या दिल्या तर चालतील ना? मी म्हटलं की बाबा रे, दिवसभर मासे कशासाठी साफ करत होतो?

परवाच्या सरावात मी चेंडू घेऊन वळलो आणि मुबारक आला. मावशी, मला आभाळ दिसलं. मालिशवाला बर्फ घेऊन धावला. मी आडवाच हसत होतो. मुबारकने वरून विचारलं की झोपायला आलायस का, ऊठ. मी उठलो. त्या संध्याकाळी त्याने मला आणखी तीनदा आडवा केला. पाचव्यांदा मी त्याच्या बाजूने निसटलो, तेव्हा मिलोरादने वहीतून मान वर केली.

अंग ठणकतंय, गुडघा रात्री कुरकुरतो. रोज तासभर आधी जातो. डिसेंबरचा सामना मला खेळायचाच आहे.

तुझा,
नौफल


बिझर्त,
२१ डिसेंबर

चि. नौफल यास अ. उ. आ.

आपला टीव्ही नेमका कालच बिघडला. मी शाल घेतली आणि सरळ बंदरावरच्या कॅफेत गेले. जन्मात कधी आत बसले नव्हते. पत्ते खाली ठेवून पुरुषमंडळी बघतच राहिली. मुन्सिफने खुर्ची पुसून दिली.

तू उत्तरार्धात उतरलास तेव्हा मी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. पहिला चेंडू गमावलास आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलास. तेवढ्यात तो तुझा मुबारक मैदानापलीकडून ओरडला की ए म्हाताऱ्या, उभा काय राहिलास, धाव! टीव्हीवर सगळ्यांना ऐकू गेलं! समालोचक बिचारा इतका शरमला की त्याने सगळ्या ट्युनिशियाची माफी मागितली. आणि इथे काय गोंधळ! मुन्सिफ खुर्चीवर चढून ओरडत होता की आमच्या नौफलला म्हातारा म्हणणारा तू कोण? ज्याने तुझे पाय भाड्याचे ठरवले, तोच! मी एकटी हसत होते. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही.

पण तू धावलास. मागे धावत जाऊन त्या पोराच्या पायातून चेंडू काढलास, धक्का खाल्लास, पडला नाहीस. गोल झाला नाही, बरोबरीत सुटलं. मला त्याचं काही नाही. यादीचं काय झालं, ते ताबडतोब कळव. हेदीकाकाही विचारताहेत, पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

तुझी,
मावशी


दोहा,
३ जानेवारी

ती. मावशीस सलाम, वि. वि.

सामन्यानंतर मुबारक आपल्या वडिलांना घेऊन माफी मागायला आला. मी त्या दोघांना सांगितलं की माफी मागितलीत तर मी पुन्हा पाहुणा होईन, मग तुम्हीच निस्तरा. वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला.

माझं नाव यादीत राहिलं. सदिच्छादूताचे कागद मी अध्यक्षांना परत केले. ते दुखावले, पण परवा सरावाला आले आणि दोरीबाहेर उभे राहून बघत होते.

आणि मावशी, कालच्या सामन्यात मिलोरादने मला खेळवलंच नाही. बुधवारच्या सरावात मी दोनदा माझी जागा सोडली, म्हणून बाकावर. कारण सगळ्यांसमोर सांगितलं. कॅप्टन वगैरे काही नाही, नुसतं नौफल. मी पूर्ण वेळ बाकावर चिडून बसलो होतो, नखं खात, फ्रान्समध्ये विशीत असताना बसायचो तसा. किती दिवसांनी, मावशी!

शनिवारी खेळेन की नाही, ठाऊक नाही. ती जागा मला मिळवायची आहे. टीव्ही दुरुस्त करून घे.

तुझा,
नौफल