खाली बघून काढायचा फोटो

रुद्रव्वा,

मी दोन दिवस हळ्ळीखेडला जायलोय. तुझा कॅमेरा ट्रंकेवर ठेवलाय, रोल घातलाय.

गुलबर्ग्याचा दुकानदार डोळ्याला लावायचा भारी कॅमेरा दाखवत होता. मी म्हनलो, न्हाई, पोटाशी धरून खाली बघायचा द्या. मागं स्टुडिओतल्या तसल्याच कॅमेऱ्यानं तू आईचा फोटो काढलीस. तोंडावर कोड आल्यापासून कुणी बघितलं की ती पदर ओढते. तू मान खाली घातलीस अन् ती चक्क हसली. मला वीस वर्षांत जमलं न्हाई ते, पोरी!

फोटोग्राफी शिकू नको म्हनलो होतो, ते विसर. पहिला फोटो आईचाच काढ.

हळ्ळीखेडला माझं काम काहीच न्हाई. मी समोर असलो की ती अजून पदर घेते.

अप्पा