हर्षाच्या वाटीत बोट

सेलू, जि. वर्धा

थोरल्या बहिणीले, जिजाबाईले, अनुसयाचा जयभीम.

तुहे गुडघे कसे हायेत? डॉक्टरनं चालाले सांगतलं म्हणून तू शेजारणीच्या वट्ट्यापर्यंत चालते अन् तिथं दोन घंटे बसते, असं समजलं. चालू ठेवजो. रूपराव भाऊजी बरे असतीन. (नसले तरी सांगत नाईत, हा त्यायचा एकच गुण.) मी बरी हाये. म्हणजे नाई, ते खाली लिवते.

माही नात हर्षा चार दिवसापासून तुह्याकडं हाये. नागपूरहून निंगाली अन् सेलूकडं न पाहता थेट कारंज्याले उतरली. काऊन, ते तिनं सांगतलं नसन. ती कोणालेच सांगत नाई, तेच मले बोचून राह्यलं.

मागच्या महिन्यात मी तिची प्रयोगशाळा पाहाले गेलती. तिथं ती एवढुश्या वाटीत माणसाचं मांस वाढवते. (कोणाचं वो, म्या इचारलं. दान केलेल्या पेशी, म्हणे. लोक आजकाल काहीही दान करतात, पाव्हण्याले चाय सोडून.) तुकडा जाड झाला की मधातून मरते, कारण आत रक्त पोचत नाई. म्हणून पोरगी त्यात रक्ताच्या नसा उगवून राह्यली. मशिनीतून दाखवल्या मले, केसाहून बारीक, कोळ्याच्या जायासारख्या पसरलेल्या. पुढं कधी जळलेल्या माणसाले असा जिता तुकडा लावता येईन, म्हणे. तीन महिन्याची मेहनत होती. सोमवारी तिच्या प्रयोगशाळेच्या सरले दाखवाची होती.

आता तूच सांग. पेरणीच्या आधी आपण सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळतो, अन् चौथ्या दिवशी उकलून बोटानं चाळवतो, तेव्हाच समजते बी उगवते का नाई. जल्मभर म्या हेच केलं. हर्षा फोन घ्याले बाहेर गेली, म्या झाकण उचललं अन् बोट घातलं. (बोटाले तंबाखूच्या खर्र्याचा चुना होता.) साईसारखं मऊ लागलं. मोड काही लागला नाई. झाकण ठेवलं, बोट लुगड्याले पुसलं.

तिसऱ्या दिवशी वाटीत बुरशी. हर्षानं फोनवर एकच इचारलं, आजी, तू हात लावलता का? म्या म्हणलं, मी काऊन लावू? तुमच्या तिथल्याच पोरी घाणेरड्या असतीन! ती बरं म्हणे, अन् फोन ठेवला. मंग तिच्यासंगं काम करणारी मोनाली इकडं आली, तवा समजलं. हर्षानं सरले सांगतलं, चूक माहीच. आजीले आत नेलतं, हे बोललीच नाई. आता नवीन तुकडा तिच्या हाती देत नाईत, वाट्या धुवाले बसवलं, तवाच ती सुट्टी टाकून तुह्याकडं निंगाली.

खोटं म्या लय बोलली, जिजाबाई, रेशनच्या दुकानात त दर महिन्याले. पण हे एक पचून नाई राह्यलं.

तुही लहानी,
अनुसया

ता. क. हे कोणाले सांगू नको. हर्षाले त नाईच नाई.

आणखी ता. क. तुह्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, अन् भाऊजी कागद दिसला की उठून जातात. म्हणजे हे हर्षाच वाचून राह्यली असन. हर्षे, हा कागद सरले दे. झाकण म्याच उघडलं. सही माही हाये, अंगठा नाई. अन् मंगळवारी परत जाताना सेलूवरून जाजो. उतरू नको पाहिजे त. मी स्टँडवर असन. तशीही मंगळवारी मले बजाराले याचंच असते.