आधी गाडी तयार होऊ दे

८ जून २०२५, रविवार. नांदेड.
ठरलं. जीप घ्यायची. डोंगर, चिखल, नाले, कुठंही जाणारी.
बायको, महामाया, रेणापूरच्या दवाखान्यात नर्स आहे. तिची बदली होऊन वर्ष झालं. दर शनिवारी तिच्याकडं जायचं ठरलं होतं, पण एसटीत कंबर धरते. गाडी आली की प्रश्न मिटला. रेणापूरपर्यंत डांबरी रस्ता आहे. पण उद्याचं कोणी सांगावं.
ऑफिसातला वीरेश देगलूरचा. तो म्हणतो, टॉप मॉडेल घे, फोर बाय फोर, मोठे टायर, सगळं कंपनीतूनच बसून येतं, डोक्याला ताप नाही. त्याला दूरदृष्टी नाही. बेस मॉडेल घ्यायचं आणि एकेक वस्तू आपल्या मनासारखी बसवून घ्यायची. रेडिमेड शर्ट आणि शिवून घेतलेला शर्ट यात फरक असतो.
महामायाला फोन केला. म्हणाली, तुम्हाला पटलं तर घ्या. तिचा पूर्ण पाठिंबा आहे.

२७ जून, शुक्रवार.
गाडी आली. पांढरी. बेस.
शोरूमचा मॅनेजर म्हणाला, सर, हिची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, फोर बाय फोर नंतर बसत नाही. म्हणजे त्यांना बसवता येत नाही.
वीरेशनं टॉप मॉडेल बुक केलं. वाईट वाटलं. ऐकलं असतं तर वाचला असता.

१२ जुलै, शनिवार. लातूर.
चंद्रप्पाच्या गॅरेजला गाडी लावली. निलंग्याचा माणूस, कशालाच नाही म्हणत नाही. फोर बाय फोरचं विचारलं, तर म्हणाला, होतंय की साहेब, आधी उंची वाढवू, मग बघू. असा माणूस पाहिजे.
रेणापूर इथून अर्ध्या तासावर. पण हाताला ग्रीस लागलं होतं. असं कसं जायचं? एसटीनं परत नांदेड. कंबर धरली नाही.

२ ऑगस्ट, शनिवार. लातूर.
मोठे टायर बसले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासतात. चंद्रप्पा म्हणाला, थोडं कमी वळवत जावा.
महामायाचा फोन. कुठं आहात? लातूरला, गाडीच्या कामाला. तिनं विचारलं, जेवलात का? हो म्हणालो. रेणापूर राहिलं. पाऊस होता.

१७ ऑगस्ट, रविवार. नांदेड.
वीरेश बायकोला घेऊन सहस्रकुंडला जाऊन आला. फोटो पाठवले. एकात धबधब्यापुढं उज्वलावहिनी भिजलेला पदर पिळत हसून राहिल्यात. गाडी दारापर्यंत चिखलानं भरलेली. कंपनीची गाडी अशीच मळते. माझी गॅरेजमध्ये आहे. स्वच्छ.

१३ सप्टेंबर, शनिवार. लातूर.
महामाया गॅरेजवर आली. रेणापूरहून, स्कूटीवर. तिनं स्कूटी घेतली हे माहीत नव्हतं. ती चालवायला कधी शिकली, हेही.
चंद्रप्पानं तिला स्टूल दिलं. मी तिला लोखंडी बंपर दाखवला, पाण्यातून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून वर काढलेली नळी दाखवली, टपावरचे लाइट लावून दाखवले. तिनं सगळं बघितलं. म्हणाली, तुम्ही जुलैपासून लातूरला येऊन राहिलात. मी म्हणालो, हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय.
मग ती हळूच म्हणाली, माझी बदली झाली नव्हती. मी मागून घेतली होती.
चहा आला. तिनं अर्धा घेतला. ड्युटी होती, गेली.
बदल्यांच्या पोर्टलवर लई गोंधळ असतो. आमच्या ऑफिसात रोज बघतो. तसंच काहीतरी झालं असणार.

१२ ऑक्टोबर, रविवार. नांदेड.
गाडी ताब्यात आली. फोर बाय फोर तेवढं राहिलं. चंद्रप्पा म्हणाला, दिवाळी होऊ द्या, बघू.
गावाबाहेर काळ्या रानात ट्रायल घेतली. रात्री पाऊस पडून गेलेला. गाडी थांबली. अडकली म्हणता येणार नाही. मागची चाकं फिरत होती आणि खाली जात होती.
साखराबाई म्हणून एक म्हातारी गवत कापत होती. तिनं विचारलं, बाबा, पुढची चाकं काहून फिरंनात? सांगितलं, ती दिशेसाठी असतात. ती हाव म्हणाली आणि परत गवत कापू लागली.
शेवटी वीरेशला फोन केला. त्याच्या जीपला दोर बांधला. एका झटक्यात बाहेर आलो. उज्वलावहिनींनी डबा दिला होता, तो त्यानं पुढं केला. तिथंच उभ्यानं खाल्लं.
वाईट वगैरे वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं का, याचा गाडी धुताना थोडा विचार केला.

९ नोव्हेंबर, रविवार. रेणापूर.
शेवटी आलो. रस्ता सगळा चांगला होता. बंपरचा, नळीचा काही उपयोग झाला नाही.
महामायानं दार उघडलं. म्हणाली, फोन करून यायचं ना. मी म्हणालो, चल, चक्कर मारून येऊ. ती बाहेर आली. गाडीच्या दाराला धरून पाय वर टाकायचा प्रयत्न केला. पोचला नाही. साडी सावरून परत एकदा टाकला. मी पलीकडून हात दिला, तोही पुरला नाही. राहू द्या, म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.
मग तिनं जेवायला वाढलं. वरणाला मीठ नव्हतं. तसं म्हणालो. म्हणाली, बीपी हाय मला. कधीपासून, विचारलं. नांदेडला होते तेव्हापासून. गोळ्या फ्रिजवर असायच्या.
मला फ्रिज आठवतो. गोळ्या आठवत नाहीत.
घरी कधी येतीस, विचारलं. ती म्हणाली, आता हेच घर हाय. तुम्ही येत जावा. एसटीनं आलात तरी चालतं.
मीठ मागितलं नाही. वरण तसंच भातावर घेऊन संपवलं. ताट मी धुतलं. कुठं ठेवायचं ते तिला विचारावं लागलं.